गावच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न कसे तयार करावेत

गोव्यात चवथीपासून शिमग्यापर्यंतच्या काळात सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, वाचनालये, मराठी शाळांचे पालक-शिक्षक संघ आणि गावोगावची युवक मंडळे सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषा भरवत असतात. देवळाचा सभामंडप किंवा पंचायतीचे सभागृह मिळते, बक्षिसांना देणगीदार मिळतात, मुले उत्साहाने नावे नोंदवतात आणि आजी-आजोबांपासून सगळे घर ऐकायला येऊन बसते. कमी पडते ती प्रश्नांची तयारी. आदल्या रात्री एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून किंवा मोबाइलवरून पन्नास प्रश्न उतरवून घेतले जातात, ज्याने तेच पुस्तक पाठ केलेले असते तो संघ जिंकतो आणि मागच्या रांगांतील माणसे अर्ध्यावर उठून जातात. ज्यांच्यावर प्रश्न तयार करण्याची जबाबदारी येते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. भूगोल, विज्ञान, चित्रपट आणि नामवंत ब्रँड असे चार विषय येथे घेतले आहेत, कारण शाळकरी मुलापासून निवृत्त शिक्षकापर्यंत प्रत्येकाला यांपैकी एकात तरी गती असते.

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी एकच आहे. ज्याला उत्तर पाठ नाही त्यालाही, ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी एकमेकींशी जोडून, उत्तरापर्यंत पोहोचता आले पाहिजे, आणि ते उत्तर एकच असले पाहिजे. या कसोटीचे दोन्ही भाग सारख्याच महत्त्वाचे आहेत. पहिला भाग सुटला की प्रश्नमंजूषा पाठांतराची परीक्षा होते, आणि दुसरा सुटला की व्यासपीठावर भांडण होते.

पहिला भाग एका उदाहरणाने पाहू. ‘केसरबाई केरकर यांचा जन्म कोणत्या गावी झाला?’ हा प्रश्न आपल्याकडे अनेकदा विचारला जातो. ज्याला ठाऊक आहे तो ‘केरी’ म्हणतो, ज्याला ठाऊक नाही तो गप्प बसतो, आणि अर्ध्या मिनिटात प्रश्न विसरला जातो. आता हीच माहिती दुसऱ्या बाजूने मांडून पाहा. ‘१९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसवलेली आहे. परग्रहावर कोणी असलेच तर त्यांना पृथ्वीची ओळख व्हावी, हा तिचा हेतू आहे. तिच्यावर भारतातून निवडलेली एकच संगीतरचना असून ती भैरवी रागातील आहे. ती गाणाऱ्या गायिकेच्या आडनावात फोंडा तालुक्यातील एका गावाचे नाव दडलेले आहे. ही गायिका कोण?’ या मांडणीत विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला व्हॉयेजर यान आठवते, गाणे ऐकणाऱ्या माणसाला भैरवी आठवते, आणि या दोहोंपैकी काहीच न आठवणारा तिसरा माणूस फोंडा तालुक्यातील गावे आणि आडनावे मनात फिरवत केरकरांपर्यंत येतो. एका उत्तराकडे जाणाऱ्या तीन वाटा प्रश्नातच ठेवलेल्या आहेत. शिवाय उत्तर सांगितल्यानंतर प्रश्नकर्त्याजवळ आणखी सांगण्यासारखे उरते: याच ध्वनिमुद्रिकेवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

असा प्रश्न घडवण्याची रीत अवघड नाही. आधी उत्तर निवडावे. मग त्या उत्तराशी निगडित अशा चार-पाच खऱ्या गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्यात. त्यांतील सर्वांत अनोळखी, कुतूहल जागवणारी गोष्ट प्रश्नाच्या सुरुवातीला ठेवावी आणि सर्वांत ओळखीची गोष्ट शेवटी. प्रश्न ऐकत असताना संघाच्या मनात अंधारातून उजेडाकडे प्रवास झाला पाहिजे. दोन-तीन वाक्यांहून लांब प्रश्न मात्र सहसा करू नये, कारण सभागृहात पंख्यांचा आवाज असतो, मुले कुजबुजत असतात, आणि सहावे वाक्य येईपर्यंत पहिले विसरलेले असते. केसरबाईंचा प्रश्न लांब आहे. असा एखादाच प्रश्न एका फेरीत खपतो, आणि तो सावकाश दोनदा वाचावा लागतो.

याच रीतीने केलेला आणखी एक प्रश्न पाहा. ‘सोळाव्या शतकात पोर्तुगालहून इथिओपियासाठी निघालेले एक यंत्र वाटेत गोव्यात उतरले आणि कायमचे येथेच राहिले. १५५६ साली ते येथे चालू झाले आणि हिंदुस्थानात प्रथमच एक काम हातांऐवजी यंत्राने होऊ लागले. ते यंत्र कोणते?’ उत्तर छापखाना. ‘भारतातील पहिला छापखाना कोठे व कधी सुरू झाला?’ या कोरड्या प्रश्नात जे मिळत नाही ते येथे मिळते: संघ आपसात बोलू लागतो. शेती, युद्ध, कापड, पुस्तके अशी एकेक शक्यता तपासली जाते. ती कुजबुज प्रेक्षकांना दिसली पाहिजे, कारण तेही त्याच क्षणी मनातल्या मनात तेच करत असतात.

आता कसोटीचा दुसरा भाग. एकच उत्तर असणे ही अट ऐकायला सोपी वाटते, परंतु भूगोलाच्या फेरीत ती पदोपदी मोडते. ‘भारतातील सर्वांत लहान राज्य कोणते?’ असे विचारले की गोव्यातील प्रत्येक मूल ‘गोवा’ असे उत्तर देते. क्षेत्रफळाने ते बरोबर आहे, ३,७०२ चौरस किलोमीटर. लोकसंख्येने मात्र सर्वांत लहान राज्य सिक्कीम आहे. ‘क्षेत्रफळाने’ हा एक शब्द घातला की प्रश्न निर्दोष होतो. ‘गोव्यातील सर्वांत लांब नदी कोणती?’ हा तर टाळावाच असा प्रश्न आहे. मांडवीचा उगम म्हादई या नावाने बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात होतो, त्यामुळे तिची एकूण लांबी मोजायची की केवळ गोव्याच्या हद्दीतील, यावर उत्तर बदलते, आणि वेगवेगळी पुस्तके वेगवेगळी नदी सांगतात. त्याऐवजी ‘मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना आतल्या बाजूने जोडणाऱ्या जलमार्गाला कोणत्या गावाचे नाव आहे?’ असे विचारावे; कुंभारजुवे याशिवाय दुसरे उत्तर संभवत नाही. गावांच्या नावांबाबतही सावध राहिले पाहिजे. वर आलेले केरी हे नाव फोंडा, सत्तरी आणि पेडणे या तिन्ही तालुक्यांत आढळते, म्हणून ‘केरी हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?’ या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

भूगोलातील आकडे स्थिर असतात अशी एक समजूत आहे, ती सोडून द्यावी. भारताच्या किनारपट्टीची लांबी सुमारे ७,५१६ किलोमीटर आहे, असे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. अलीकडच्या सरकारी मोजणीनुसार ती ११,०९८ किलोमीटरांहून अधिक आहे. समुद्र कोठे पुढे सरकलेला नाही. नव्या मोजणीत अधिक बारीक प्रमाणाचे नकाशे वापरले गेले, त्यामुळे खाड्या, वळणे आणि बेटांच्या कडा यांची लांबी हिशेबात आली. तेरेखोलपासून गालजीबागेपर्यंतचा आपला किनारा आठवला तर हे चटकन समजते. मला विचाराल तर जुना किंवा नवा आकडा विचारण्यापेक्षा ‘किनारा तोच असताना त्याची लांबी कशी वाढली?’ हा प्रश्न कितीतरी सरस आहे, आणि नववी-दहावीची मुले त्याचे उत्तर विचार करून देऊ शकतात. एव्हरेस्टची उंची विचारायची असेल तर २०२० साली जाहीर झालेली ८,८४८.८६ मीटर ही धरावी. गोव्यातील तालुके विचारताना जुन्या पुस्तकांवर विसंबू नये, कारण त्यांत ११ तालुके असतात; सांगे तालुक्यातून धारबांदोडा वेगळा झाल्यावर ते १२ झाले. प्रश्नमंजूषेच्या आठवड्यात असे सर्व बदलते आकडे पुन्हा एकदा पाहून घेण्याची शिस्त लावून घ्यावी.

विज्ञानाच्या फेरीकडे वळण्यापूर्वी पडताळणीविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते प्रश्न तयार करणाऱ्याचे सर्वांत मोठे कर्तव्य तेच आहे. आपण चुकीचे उत्तर जाहीर केले तर ते शंभर माणसे खरे मानून घरी घेऊन जातात, आणि त्यांतील मुले ते परीक्षेत लिहितात.

हेलियम वायूचे उदाहरण घ्या. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध लावला, असे कोकणात आणि गोव्यातही मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. प्रश्न म्हणून हे फार आकर्षक आहे आणि म्हणूनच ते वारंवार विचारले जाते. परंतु नोंदी पाहिल्या की चित्र वेगळे दिसते. १८६८ च्या त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून केले. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि त्यात एक पिवळी रेषा नोंदवली, जी पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलियम म्हटले गेले, आणि पृथ्वीवर ते विल्यम रॅमझी यांच्या हाती लागले ते १८९५ साली. मग विजयदुर्गाचा संबंध मुळीच नाही का? आहे, पण तो तीस वर्षांनंतरचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच आपली दुर्बिणी आणि उपकरणे घेऊन विजयदुर्गावर आले होते. दोन ग्रहणे, दोन साले आणि एक नाव यांची कालांतराने सांगड घातली गेली आणि आख्यायिका तयार झाली.

अशा वेळी प्रश्न फेकून देण्याचे कारण नाही. तो सुधारून घ्यावा. ‘हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते शास्त्रज्ञ १८९८ च्या सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी कोकणातील कोणत्या जलदुर्गावर आले होते?’ असे विचारले तर विजयदुर्गाचा मान राहतो, लॉकियर यांचे नाव येते आणि एकही शब्द खोटा ठरत नाही. जे आपल्या प्रदेशाचे भूषण म्हणून सांगितले जाते, ते अधिक काटेकोरपणे तपासावे, कारण आपल्याला ते खरे असावे असे वाटत असते आणि त्यामुळे आपली नजर सैल पडते.

पडताळणीसाठी प्रत्येक उत्तराला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार असावेत, असा नियम करावा. दोन संकेतस्थळांवर तेच वाक्य शब्दशः आढळले तर तो एकच आधार समजावा, कारण एकाने दुसऱ्याचे उतरवलेले असते. विश्वकोश, शालेय पाठ्यपुस्तकाची चालू आवृत्ती, संबंधित संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेली माहिती यांना अग्रक्रम द्यावा. गोव्याच्या इतिहासाविषयीचे प्रश्न असतील तर पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार घालवणे केव्हाही हिताचे, तेथील संदर्भ विभाग यासाठीच आहे. प्रत्येक प्रश्नासमोर वहीत आधाराचे नाव आणि पान लिहून ठेवावे. स्पर्धेच्या दिवशी एखाद्या संघाने हरकत घेतली तर ही वही परीक्षकांच्या हाती द्यावी, म्हणजे प्रश्नकर्त्याला आवाज चढवावा लागत नाही.

विज्ञानाच्या फेरीत नावे आणि साले यांच्यापेक्षा कारणे विचारावीत. घरात रोज दिसणाऱ्या गोष्टींत पुरेसे विज्ञान भरलेले आहे. प्रेशर कुकरमध्ये भात लवकर का शिजतो, तर दाब वाढल्यामुळे आतील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. आणि हेच उलटे करून, उंच पर्वतावर डाळ शिजायला वेळ का लागतो, असा दुसरा प्रश्न तयार होतो. दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या फेऱ्यांत ठेवावेत, म्हणजे पहिल्याचे उत्तर लक्ष देऊन ऐकलेल्या संघाला दुसऱ्यात फायदा होतो. काजूचे उदाहरणही असेच आहे: ‘आपण ज्याला काजूचे बोंड म्हणतो ते वनस्पतिशास्त्रानुसार खरे फळ नव्हे, मग खरे फळ कोणते?’ बोंडाखाली लोंबणारी बी, हेच खरे फळ, आणि बोंड म्हणजे तिचा फुगलेला देठ. हे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले, ही पुरवणी उत्तरानंतर द्यावी.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, असलेल्या गावात प्रश्नमंजूषा असेल तर मानशीवर, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारांवर, प्रश्न अवश्य घ्यावा. बांधात बसवलेली मानशीची लाकडी दारे ओहोटीला उघडतात आणि शेतातील पाणी बाहेर जाऊ देतात, तर भरतीला बंद होऊन खारे पाणी आत येऊ देत नाहीत. ‘भरती सुरू झाल्यावर मानशीची दारे बंद करण्याचे काम कोण करते?’ असा साधा प्रश्न विचारला की बहुतेक मुले माणसाचे नाव घेतात. उत्तर आहे भरतीचे पाणी स्वतः. बाहेरच्या बाजूने वाढणाऱ्या पाण्याच्या दाबानेच दार आपल्या चौकटीवर घट्ट बसते. दोन भरतींमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून मानशीचे वेळापत्रक रोज पुढे सरकते, हेही जोडून सांगता येते. ज्या मुलाने आजोबांबरोबर बांधावर उभे राहून हे पाहिले आहे, त्याला या प्रश्नाचे गुण मिळावेत असे मला मनापासून वाटते. पुस्तकाबाहेरच्या निरीक्षणाला गुण मिळण्याच्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत.

खगोलशास्त्राच्या प्रश्नांत दोन ठिकाणी जपावे. ग्रहांच्या उपग्रहांची संख्या विचारू नये. २०२५ साली शनीच्या १२८ नव्या चंद्रांना एकाच वेळी मान्यता मिळाली आणि एकूण आकडा २७४ वर गेला, उद्या तो पुन्हा बदलेल. विचारायचेच असेल तर कोणत्या ग्रहाला सर्वाधिक ज्ञात उपग्रह आहेत, एवढेच विचारावे. दुसरे म्हणजे प्लूटो: २००६ पासून तो ग्रहांत गणला जात नाही, परंतु वडीलधाऱ्यांच्या संघाला हे मान्य नसते, म्हणून प्रश्नातच ते साल घालावे. व्हॉयेजर यानांवरचा एक प्रश्न मला विशेष आवडतो. व्हॉयेजर २ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले आणि व्हॉयेजर १ हे त्यानंतर ५ सप्टेंबरला. मग नंतर सुटलेल्याला पहिला क्रमांक का? व्हॉयेजर १ चा मार्ग अधिक जलद होता आणि गुरू ग्रहाजवळ तेच आधी पोहोचणार होते, म्हणून. अशा प्रश्नाला पूर्ण उत्तर नाही तरी योग्य दिशेचा तर्क येतो, आणि परीक्षकांनी तो स्वीकारावा.

चित्रपटांची फेरी ही प्रेक्षकांची फेरी असते, आणि तिच्यातच सर्वाधिक वाद होतात, कारण ‘पहिला’ हा शब्द तेथे सर्रास वापरला जातो. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ असे विचारले तर कोणीतरी १८ मे १९१२ रोजी मुंबईत दाखवल्या गेलेल्या दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्री पुंडलिक’चे नाव घेईल, आणि त्याला एकदम चूक म्हणता येणार नाही. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता आणि त्याची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती, म्हणून सामान्यतः ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला तो मान दिला जातो. प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असे शब्द वापरले की वाद मिटतो. त्याचप्रमाणे ‘पहिला मराठी बोलपट’ म्हणजे १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, आणि ‘पहिला कोंकणी चित्रपट’ म्हणजे १९५० चा ‘मोगाचो आंवडो’; बोलपट आणि मूकपट यांतील फरक प्रश्नात स्पष्ट असावा. अमिताभ बच्चन यांचा ‘पहिला चित्रपट’ विचारताना ‘अभिनेता म्हणून’ हे शब्द गाळू नयेत. १९६९ साली ‘भुवन शोम’मध्ये त्यांचा केवळ आवाज ऐकू आला होता, आणि अभिनेता म्हणून ते त्याच वर्षीच्या ‘सात हिंदुस्तानी’ या गोवामुक्तीच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटात प्रथम दिसले. आपल्या प्रेक्षकांसाठी प्रश्न गोवामुक्तीपासूनच सुरू करावा.

पुरस्कारांच्या बाबतीत साल कोणते, हा गोंधळ ठरलेला असतो. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. चित्रपट ‘गांधी’, प्रदर्शन १९८२ मधले, पुरस्कार सोहळा १९८३ मधला. दोन्ही साले कानावर पडलेली असतात. म्हणून साल न विचारता, कोणत्या कामासाठी पुरस्कार मिळाला हे विचारावे: वेशभूषा. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाविषयी मुले ‘२००४’ हे उत्तर तयार ठेवून असतात. ते गोव्यातील पहिल्या महोत्सवाचे साल आहे. मूळ महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला. आणि लता मंगेशकर यांचे जन्मस्थान विचाराल तर अर्धे सभागृह मंगेशी म्हणेल, हे गृहीत धरा. मंगेशी हे घराण्याचे मूळ गाव. लताबाईंचा जन्म इंदूरचा. हा प्रश्न संघाला फसवण्यासाठी विचारू नये. ‘आडनाव गोव्यातील गावाचे, जन्म मध्य भारतातील संस्थानी शहराचा’ अशी दोन्ही टोके देऊन विचारावा.

याच फेरीत ऐकण्याचे आणि पाहण्याचे प्रश्न घ्यावेत. गाण्याचा मुखडा न वाजवता त्याआधीचे वाद्यसंगीत दहा सेकंद वाजवावे. ध्वनिवर्धकाची चाचणी प्रेक्षक येण्यापूर्वी करावी, आणि चित्रे भिंतीवर दाखवायची असतील तर सभामंडप दिवसाउजेडी अंधारा करता येत नाही हे लक्षात घेऊन ती वेळ दिवेलागणीनंतर ठेवावी.

ब्रँडची फेरी थोडक्यात आटोपावी. तिचे सौंदर्य कंपनीच्या आजच्या रूपात नसून तिच्या अनपेक्षित सुरुवातीत आहे. फोंडा तालुक्यात उसगावला ज्यांचा कारखाना आहे त्या एमआरएफने १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरुवात केली. व्हिडिओ गेमसाठी प्रसिद्ध असलेली निन्टेंडो १८८९ साली क्योटोमध्ये पत्ते बनवत होती. आदिदास आणि पुमा या कंपन्या जर्मनीतील एकाच गावच्या दोन सख्ख्या भावांनी काढल्या. बाटा ही अनेकांना भारतीय कंपनी वाटते. तिची स्थापना १८९४ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या झ्लिन या गावी झाली. ‘हा ब्रँड कोणत्या देशाचा?’ असे विचारताना मूळ देश अभिप्रेत आहे की आजचा मालक, हे सांगावे. जॅग्वार मूळची ब्रिटिश, परंतु २००८ पासून टाटा समूहाची आहे. आणि देणगीदाराच्या दुकानावर किंवा मालावर प्रश्न घेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा. त्यांचे आभार फलकावर मानता येतात.

प्रश्न तयार झाल्यावर ते एखाद्या अशा माणसाला वाचून दाखवावेत, ज्याचा स्पर्धेशी संबंध नाही. जेथे तो ‘म्हणजे काय?’ असे विचारेल तेथे वाक्य बदलावे. गोव्यातील मुलांपैकी बरीच इंग्रजी माध्यमातून शिकतात आणि शास्त्रीय संज्ञा त्यांना इंग्रजीतूनच ठाऊक असतात. म्हणून ‘मूलद्रव्य’ म्हटल्यावर लगेच ‘एलिमेंट’ असेही तोंडी सांगावे आणि उत्तर मराठी, कोंकणी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत स्वीकारावे. संघांना म्हादई, शापोरा, साळ, तळपण अशी नद्यांची नावे देण्याची पद्धत सुरेख आहे. फक्त त्या दिवशी नद्यांवरचे प्रश्न तपासून घ्यावेत, नाहीतर उत्तर संघाच्या पाटीवरच लिहिलेले असते.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी सहा संघ आणि चार फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक संघाच्या वाट्याला दोन प्रश्न धरले तर ४८ प्रश्न होतात, आणि उत्तरामागची हकिगत सांगण्यासह एका प्रश्नाला दीड मिनिट दिले तर सव्वा तास लागतो. याहून लांबवू नये. अधिक संघ आले तर आधी वीस प्रश्नांची लेखी चाचणी घ्यावी आणि तिच्यातील चार-पाच प्रश्न तारांकित ठेवावेत. समान गुण झाले तर तारांकित प्रश्नांची उत्तरे ज्यांची अधिक बरोबर, तो संघ पुढे जातो.

प्रश्न पुढे सरकवण्याच्या पद्धतीत एक अन्याय दडलेला असतो, तो आयोजकांच्या ध्यानात सहसा येत नाही. प्रत्येक संघाला ठरलेला प्रश्न आणि न आल्यास तो शेजारच्या संघाला, असे केले तर कच्च्या संघाशेजारी बसलेल्या संघाला सगळ्या फेऱ्यांत जास्तीच्या संधी मिळतात. यावर उपाय असा, की ज्या संघाने आधीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले, त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करावा, आणि अर्ध्या फेऱ्या झाल्यावर दिशा उलटी करावी. पहिला प्रश्न म्हादई संघापासून निघून साळ संघाने सोडवला, तर दुसरा प्रश्न साळच्या शेजारच्या संघाकडे जाईल. गुण फळ्यावर सर्वांना दिसतील असे लिहावेत आणि गुणलेखनासाठी प्रश्नकर्त्याव्यतिरिक्त वेगळा माणूस नेमावा. लहान मुलांच्या गटात चुकीच्या उत्तराला गुण वजा करू नयेत, त्याने मुले तर्क करायचे सोडून देतात.

शेवटी दोन संघ बरोबरीत राहिले तर नाणेफेक किंवा चिठ्ठी टाळावी आणि आकड्याचा एक निर्णायक प्रश्न राखून ठेवावा, ज्याचे नेमके उत्तर सहसा कोणाला ठाऊक नसते पण अंदाज प्रत्येकाला करता येतो. उदाहरणार्थ, ‘आज कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी पणजीची संस्था कोणत्या साली स्थापन झाली?’ दोन्ही संघांना कोरे कागद द्यावेत, एका मिनिटात साल लिहून घ्यावे आणि कागद एकाच वेळी उघडावेत. १८३२ च्या अधिक जवळ असलेला संघ विजयी ठरवावा. दोघांचेही अंतर सारखेच आले, तर याच प्रकारचा दुसरा प्रश्न पाकिटात तयार असावा.